अनोळखी माणसाची भेट: ती घडावी कशी आणि टिकवावी कशी

योगायोगाने झालेल्या एखाद्या भेटीमुळे आयुष्याला वळण लागल्याचे किस्से आपल्याकडे घरोघरी सांगितले जातात आणि ते बहुधा ‘नशिबात होते’ या शब्दांवर संपतात. नशिबाचा वाटा कोणी नाकारू नये. मात्र असे किस्से बारकाईने ऐकले, तर एकदाच भेट झाली आणि सगळे बदलले, असे क्वचितच आढळते. पहिल्या भेटीनंतर दुसरी झाली, कोणीतरी एक पुस्तक हातात ठेवले, कोणाशी तरी गाठ घालून दिली, तेव्हा कुठे ते वळण आले. पहिली भेट आपल्या हातात नसते. तिच्यासाठी जागा ठेवणे आणि ती झाल्यावर पुढचे पाऊल टाकणे या दोन्ही गोष्टी मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात असतात. पुढील सूचना इंदूरच्या मराठी वाचकांना समोर ठेवून लिहिल्या आहेत, कारण या शहरात अनोळखी माणसाशी बोलणे अजून अवघड झालेले नाही आणि त्या सोयीचा आपण पुरेसा उपयोग करत नाही.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९८२ साली या विषयावर एक लेख लिहिला. ते स्वतः मानसशास्त्राकडे वळले तेही विद्यापीठात सकाळचा एक तास मोकळा होता आणि तो भरून काढायला काहीतरी हवे होते म्हणून. पुढे त्यांच्या एका व्याख्यानाला आलेल्या संपादकाने, सभागृह भरत आले म्हणून दाराजवळची मिळेल ती खुर्ची पकडली आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बाईंशी कालांतराने त्याचे लग्न झाले. गंमत अशी की व्याख्यानाचा विषयही योगायोगाच्या भेटी हाच होता. बांडुरा यांचे म्हणणे असे, की भेट कोणाशी होईल हे सांगता येत नसले, तरी कोणती भेट रुजेल आणि कोणती विरून जाईल याचा अंदाज बराचसा बांधता येतो. माणसाच्या अंगचे कौशल्य, त्याची आवड, त्याची मूल्ये आणि समोरच्या वर्तुळात शिरायला वाट आहे की नाही, यांवर ते अवलंबून असते.

जागा आणि वेळ ठरवून घ्या

महू येथे, म्हणजे इंदूरच्या अगदी शेजारी, १८९१ साली जन्मलेल्या भीमराव आंबेडकरांच्या चरित्रातील एक प्रसंग या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखा आहे. मुंबईत घरी अभ्यासाला निवांत जागा नव्हती, म्हणून शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. त्याच बागेत कृष्णराव अर्जुन केळुसकर हे शिक्षक आणि लेखकही येत असत. मुलगा रोज वाचताना दिसतो, हे त्यांच्या लक्षात आले, त्यांनी चौकशी केली आणि मग ते त्याला पुस्तके देऊ लागले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाल्यावर सत्काराची सभा भरली, तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे महाविद्यालयीन शिक्षणात पैशाची अडचण आली, तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांपर्यंत शब्द पोहोचवण्यातही केळुसकरच होते आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली बडोदा संस्थानाच्याच मदतीने आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९५६ साली त्यांनी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बागेतल्या भेटीतूनच हे सगळे घडले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु तो मुलगा एक दिवस या बाकावर आणि दुसऱ्या दिवशी भलतीकडेच बसला असता, तर केळुसकरांच्या नजरेत भरला असता का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

म्हणून पहिली सूचना अशी, की आठवड्यातून निदान काही वेळा एकाच ठिकाणी, एकाच सुमारास जावे आणि ते ठिकाण असे असावे की जिथे बसायला किंवा उभे राहायला पैसे फारसे लागत नाहीत आणि निरनिराळ्या थरांतील माणसे येतात. वाचनालयातील वर्तमानपत्रांचे टेबल, सकाळी फिरायला जाण्याची बाग, रामबागेतील किंवा राजेंद्र नगरमधील एखाद्या मंडळाचा नेहमीचा कार्यक्रम, यांपैकी काहीही चालेल. रोज नवीन जागा शोधणाऱ्याला नवीन चेहरे पुष्कळ दिसतात; ओळखीचा अनोळखी, म्हणजे ज्याचा चेहरा माहीत आहे पण नाव माहीत नाही असा माणूस, त्याला कधी लाभत नाही. भेट होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते ती अशाच माणसाशी.

इंदूरमध्ये यासाठी सर्वांत सोयीची जागा म्हणजे सकाळचे पोह्यांचे दुकान. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर पसरट थाळा, त्यात वाफेवर राखलेला पिवळ्या पोह्यांचा ढीग, शेजारी कढईत जिलबी, आणि दुकानदार एका हाताने पोहे प्लेटमध्ये टाकत दुसऱ्या हाताने त्यावर शेव, कांदा आणि जिरावन हा इंदुरी मसाला भुरभुरवतो आहे. समोर रस्त्यातच माणसे प्लेट घेऊन उभी. (घरच्या खमंग फोडणीच्या पोह्यांशी यांची तुलना करून नाक मुरडणारे मराठी लोक आहेत, ते बहुधा नवीन आलेले असतात.) टेबल-खुर्च्या नसल्यामुळे इथे कोणाचे कोणते टेबल हा प्रश्न येत नाही. दुकानाचा मालक, हमाल, वकील आणि कोचिंग क्लासला निघालेली मुलगी खांद्याला खांदा लावून उभी असतात. अशा ठिकाणी पार्सल बांधून घेऊ नये. पार्सल घेणाऱ्याचा दुकानदाराशीही संबंध पैसे देण्यापुरताच उरतो. रात्रीचा सराफा बाजारही असाच आहे, सोन्या-चांदीची दुकाने बंद झाल्यावर त्यांच्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस आणि हिवाळ्यात गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाणारी गर्दी जमते. पण तिथे बहुतेक जण आपापल्या टोळक्यात येतात, त्यामुळे नवीन बोलणे सुरू होण्याच्या दृष्टीने सकाळच जास्त उपयोगी, असे माझे मत आहे.

घाईत असलेल्या माणसाला कोणी भेटत नाही

१९७३ साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. प्रत्येकाला शेजारच्या इमारतीत जाऊन छोटे भाषण करायचे होते आणि वाटेत एका दारापाशी एक माणूस खोकत, विव्हळत कोसळल्यासारखा बसवलेला होता. वेळ हाताशी असलेल्यांपैकी ६३ टक्के विद्यार्थी मदतीला थांबले; ‘तुम्हाला उशीर झाला आहे’ असे ज्यांना सांगितले होते त्यांच्यापैकी फक्त १० टक्के थांबले. काहींना भाषणासाठी दिलेला विषय वाटेतल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या प्रवाशाचाच होता, पण त्यानेही लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. थोडक्यात, माणूस कसा आहे यापेक्षा त्याच्याजवळ दहा मिनिटे आहेत की नाहीत, यावर त्याचे वागणे अधिक ठरले.

यातून काढायचा धडा अगदी व्यावहारिक आहे. बँकेत, दवाखान्यात, सिटी बसच्या थांब्यावर किंवा शाळेच्या फाटकाशी पोहोचताना पंधरा मिनिटे शिल्लक राहतील असे निघावे आणि ती पंधरा मिनिटे मोबाईलला देऊ नयेत. कानात इयरफोन असलेल्या माणसाला कोणी पत्तादेखील विचारत नाही.

पहिले वाक्य

अनोळखी माणसाशी बोलायला बहुतेकांना संकोच वाटतो, कारण समोरच्याला आपण नकोसे होऊ, असे आपण गृहीत धरतो. निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागोच्या लोकल गाड्यांतील प्रवाशांचा अभ्यास करून २०१४ साली दाखवून दिले, की परक्याशी बोलत केलेला प्रवास कंटाळवाणा होईल असा लोकांचा अंदाज होता, परंतु ज्यांना तसे करायला सांगितले त्यांना तोच प्रवास गप्प बसलेल्यांपेक्षा अधिक आवडला. शिकागोला ही गोष्ट प्रयोग करून सिद्ध करावी लागली. इंदूरमध्ये ‘भिया, ये बस राजवाड़ा जाएगी क्या?’ एवढ्यावर समोरचा माणूस बस कुठे जाते हे तर सांगतोच, शिवाय तुम्ही कुठले, कुणाकडे निघालात आणि तिथे जाऊन काय खावे, हेही सांगून मोकळा होतो.

सुरुवात नेहमी लहानशा, खऱ्या विचारणेने करावी. त्या जागेशी संबंधित आणि सहज उत्तर देता येईल असे काहीतरी विचारावे: ‘काका, हे पुस्तक इथल्याच वाचनालयातले का?’ किंवा ‘ताई, या वर्गाची वेळ बदलली आहे का?’ पगार, जात, लग्न आणि मुले यांची चौकशी पहिल्या भेटीत करू नये. आडनाव ऐकताच ‘म्हणजे तुम्ही कुठले?’ असे विचारण्याची आपल्या लोकांची खोड तर आवर्जून आवरावी, कारण त्या एका प्रश्नाने समोरचा माणूस एका खणात जाऊन बसतो आणि मग त्याचे बाकी काही ऐकू येत नाही. त्याने उत्तर दिल्यावर त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढावा. उत्तर तुटक आले, तर हसून तिथेच थांबावे. त्यात अपमान काही नाही. स्त्रियांसाठी परिस्थिती वेगळी आहे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. एकट्या बाईला रस्त्यात बोलण्याचा आग्रह करणे हा योगायोग नव्हे, तो त्रास आहे. स्त्रियांनी स्वतःसाठी सकाळच्या फिरण्याचा गट, भजनी मंडळ, शिवणाचा किंवा संगणकाचा वर्ग, मुलांच्या शाळेबाहेरची वाट पाहण्याची वेळ अशा नियमित आणि उघड्या जागा निवडाव्यात.

खरे काम दुसऱ्या भेटीचे

बहुतेक भेटी पहिल्याच दिवशी संपतात आणि त्याचे कारण अनिच्छा नसून आळस असते. गप्पा छान झालेल्या असतात, ‘या एकदा घरी’ असे म्हटलेही जाते, पण ते म्हणणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यालाही त्याचा अर्थ ठाऊक असतो. त्यामुळे निरोप घेताना एखादी छोटी, पुरी करता येण्याजोगी गोष्ट मध्ये ठेवावी. समोरच्याने गुडघेदुखीचा उल्लेख केला असेल, तर आपल्या माहितीतल्या व्यायामवर्गाची वेळ कळवतो असे सांगावे आणि ती खरोखर कळवावी; त्याने एखाद्या लेखकाचे नाव घेतले असेल, तर पुढच्या वेळी ते पुस्तक घेऊन यावे. नाव त्याच दिवशी वहीत किंवा मोबाईलमध्ये लिहून ठेवावे आणि पुढे ‘वाचनालय, निवृत्त, बागकाम’ असे दोन-तीन शब्द जोडावेत, कारण सहा महिन्यांनी नुसते नाव पाहून काहीच आठवत नाही. आठवडाभरात एक साधा संदेश पुरेसा असतो. रोज सकाळी फुलांच्या चित्रासह येणारा ‘सुप्रभात’ मात्र दुसरी भेट ठरत नाही. उलट त्यामुळे माणूस नकोसा होतो.

अशा अर्धवट ओळखी कशासाठी जपायच्या, हे विचारणाऱ्यांनी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा अभ्यास पाहावा. बॉस्टनजवळच्या न्यूटन येथील नोकरदारांना त्यांनी विचारले, की ज्याच्याकडून तुम्हाला या नोकरीची माहिती कळली, त्याची आणि तुमची गाठ किती वेळा पडत असे? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी सुमारे ५६ टक्क्यांनी ‘अधूनमधून’ आणि सुमारे २८ टक्क्यांनी ‘क्वचित’ असे उत्तर दिले. वारंवार भेटणाऱ्या जवळच्या माणसाकडून माहिती मिळालेले जेमतेम १७ टक्के होते. कारण सरळ आहे. आपल्या सख्ख्या मित्राला जे ठाऊक असते, ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असते. नवीन बातमी येते ती वेगळ्या वर्तुळात वावरणाऱ्याकडून. आपले मराठी मंडळ, आपली सोसायटी आणि आपलेच नातेवाईक एवढ्यातच फिरणाऱ्याला सुरक्षित वाटते खरे, पण जगाची बातमी त्याच्याकडे सर्वांत उशिरा पोहोचते.

दृष्टिकोन बदलायचा असेल तर

एखाद्याच्या ओळखीने नोकरी मिळणे वेगळे आणि एखाद्या समाजाविषयीचे आपले मत बदलणे वेगळे. दुसरी गोष्ट नुसत्या भेटीने होत नाही. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली मांडले, की दोन गटांतील माणसे एकत्र आल्याने पूर्वग्रह कमी होण्यास चार गोष्टींची मदत होते: भेटीत दोघांचे स्थान बरोबरीचे असावे, उद्दिष्ट समान असावे, ते गाठण्यासाठी सहकार्य करावे लागावे आणि संस्थेचा किंवा वडीलधाऱ्यांचा त्याला पाठिंबा असावा. थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ साली अशा ५१५ अभ्यासांचा एकत्र विचार केला, तेव्हा संपर्काने पूर्वग्रह सर्वसाधारणपणे कमी होतो आणि वरील चार गोष्टी असल्या तर परिणाम अधिक होतो, असे दिसले.

हे आपल्या दारातच तपासून पाहता येते. २०१७ साली इंदूर स्वच्छतेत देशात पहिले आले आणि तेव्हापासून रोज सकाळी गाणे वाजवत येणारी कचऱ्याची गाडी हा या शहराच्या अभिमानाचा विषय आहे. तिच्याबरोबर येणारा सफाई कर्मचारी वर्षानुवर्षे आपल्या फाटकाशी थांबतो. ओला कचरा कोणता आणि सुका कोणता, हे आपल्यापेक्षा त्याला चांगले कळते. तरीही या रोजच्या गाठीने किती घरांतील दृष्टिकोन बदलला? फारसा नाही, कारण तिथे एक जण वरून डबा देतो आणि दुसरा खालून तो घेतो. तोच माणूस वस्तीच्या गणेशोत्सवात मांडव घालण्याच्या कामात बरोबरीने उभा राहिला आणि दोर कसा आवळायचा हे त्याने आपल्याला सांगितले, तर दोन दिवसांत जे घडते ते दहा वर्षांच्या नमस्काराने घडत नाही. म्हणून ज्या समाजाविषयी, धर्माविषयी किंवा वस्तीविषयी आपल्या मनात अढी आहे, तिथल्या माणसांबरोबर काम करायला मिळेल अशी जागा शोधावी. रक्तदान शिबिर, क्रिकेटचा संघ, सोसायटीच्या पाण्याची समिती, काहीही चालेल.

अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या झाँक्यांची, म्हणजे सजवलेल्या चित्ररथांची, मिरवणूक इंदूरमध्ये पहाटेपर्यंत चालते. कापडगिरण्यांच्या कामगारांनी सुरू ठेवलेली ही परंपरा आहे आणि गिरण्या बंद पडल्यावरही ती थांबली नाही. तिथे रस्त्याच्या कडेला तासन्‌तास उभे राहताना शेजारी एखादे पांढऱ्या केसांचे काका असतात आणि आपल्या गिरणीची झाँकी जवळ आली की ते टाचा उंचावून पाहू लागतात. अशा माणसाला ‘काका, तुम्ही कोणत्या खात्यात होता?’ एवढे विचारून पाहावे. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद झाली आणि तिथल्या कामगारांना हक्काची थकबाकी मिळण्यास २०२३चा डिसेंबर उजाडला. पैसे हाती पडण्याआधीच कित्येक कामगार गेले होते. हा तपशील वर्तमानपत्रातही वाचायला मिळतो. परंतु साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, उभे राहून ज्याची उमेद गेली, तो माणूस शेजारी उभा राहून आपल्या झाँकीतला कोणता पुतळा कोणी हलता केला, हे सांगू लागतो, तेव्हा ‘कामगार काम करत नाहीत म्हणून गिरण्या बुडाल्या’ हे घरात लहानपणापासून ऐकलेले वाक्य पुन्हा उच्चारणे कठीण जाते.

कुठे थांबावे

योगायोगाची प्रत्येक भेट भल्याचीच असते असे नाही. बांडुरा यांनीही हे सांगितले आहे, की व्यसनाकडे किंवा एखाद्या बंदिस्त पंथाकडे नेणारी वाटही पुष्कळदा अशाच भेटीतून सुरू होते. ज्या माणसाच्या किंवा गटाच्या संगतीत आल्यावर जुन्या मित्रांशी आणि घरच्यांशी बोलणे कमी करण्याचा आग्रह होऊ लागतो, तिथून बाहेर पडावे. गट किती बंद आहे, ही धोक्याची एक महत्त्वाची खूण आहे. पहिल्या दोन-तीन भेटींत पैसे, गुंतवणूक, ओटीपी किंवा आधार क्रमांक यांचा विषय निघाला, तर ती ओळख संपली असे समजावे, आणि फसवणूक झालीच तर संकोच न करता ताबडतोब सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार करावी. रेल्वेत परक्याने दिलेले खाऊ नये, हा आजीचा नियमही अजून रद्द झालेला नाही.

आपण वडीलधारे असाल तर

वरील सूचना मुख्यतः शोधणाऱ्यासाठी झाल्या. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांनी दुसऱ्या बाजूने विचार करावा. इंदूरकरांना ठाऊक असलेली कथा अशी, की पुण्याच्या वाटेवर चौंडी गावी मुक्काम असताना मल्हारराव होळकरांनी देवळात अहिल्या ही एक लहान मुलगी पाहिली आणि सून म्हणून तिची निवड केली. कथेत रंग भरलेला असू शकेल. पण पुढचा भाग इतिहासात नोंदलेला आहे. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात मल्हाररावांचे पुत्र आणि अहिल्याबाईंचे पती खंडेराव मारले गेले, तेव्हा मल्हाररावांनी अहिल्याबाईंना सती जाऊ दिले नाही आणि त्यांच्यावर कारभाराची जबाबदारी टाकली. मोहिमेवरून ते त्यांना पत्रे लिहीत आणि त्यांत तोफा व दारूगोळ्याच्या बंदोबस्ताच्या सूचना असत. १७६६ साली मल्हारराव आणि पुढच्याच वर्षी नातू मालेराव गेल्यावर अहिल्याबाईंनी १७९५पर्यंत राज्य चालवले. देवळातील नजर क्षणाची होती. शिकवणे तीसहून अधिक वर्षांचे होते.

एवढी वर्षे प्रत्येकाकडे नसतात आणि तेवढी लागतही नाहीत. वाचनालयात, बागेत किंवा पोह्यांच्या दुकानावर एखादा मुलगा किंवा मुलगी वारंवार दिसत असेल, तर उपदेश न करता तो काय वाचतो किंवा ती कशाची तयारी करते, हे विचारावे. आपल्याकडचे उपयोगी पुस्तक द्यावे आणि ते परत मागण्याच्या निमित्ताने आठवड्याने पुन्हा बोलावे. त्याला हवी असलेली माहिती आपल्याकडे नसेल, तर ज्याच्याकडे आहे त्याला त्याच्यासमोरच फोन लावावा. ‘माझे नाव सांग’ असे म्हणून नुसता नंबर देऊ नये, कारण संकोची मुले तो नंबर कधीच लावत नाहीत.